विंगेतला आवाज

गोंदियात ज्या सभागृहात आमच्या संघाचे घरचे सामने होतात, त्याच्या पाठीमागे स्कूटर स्टँड आहे. तिथला राखणदार मला पाहिलं की हसतो. माणूस वाईट नाही, ओळखीचं हसतो. तरी मी आता गाडी रस्त्यावरच लावते आणि पुढच्या दारानं आत जाते. त्यानं मला एकदा भिंतीशी बोलताना पाहिलंय.

मी बास्केटबॉलची प्रशिक्षक. मुलींच्या संघाची, आणि संघही पगारी. हिवाळ्यात आमची एक लीग असते. फार मोठी नाही, पण मुलींना पगार मिळतो, जेवणखाण मिळतं, छातीवर भातगिरणीचं नाव लागतं. गिरणीचे सेठ हेच संघाचे मालक. गेल्या हंगामाआधी आमच्या जुन्या खेळाडू एकदमच गेल्या. कुणी नागपूरच्या संघात, कुणी पोलिसात, एक सासरी. माझ्याकडे उरलं जर्सींचं कपाट आणि सेठचं आश्वासन, "मॅडम, नई लड़कियाँ लाओ, गाँव से लाओ, बनाओ. दो सीजन मैं कुछ नहीं बोलूँगा." सेठ कुछ नहीं बोलूँगा म्हणाले की समजायचं, महिन्याभरात फोन येणार.

संघ नव्यानं उभा करायचा तर आधी लागते ती चेंडू घेऊन वर येणारी, कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारी. तिला आम्ही पॉइंट म्हणतो. उंच पोरगी मिळते, पळणारी मिळते, बास्केट टाकणारी घासून घासून तयार करता येते. पण बाकीच्या चौघींच्या मनात काय चाललंय हे पळता पळता ओळखणारी पोरगी सहसा सापडत नाही. मी स्वतः उमेदीची सगळी वर्षं पॉइंट खेळले. त्यामुळे माझा तोरा असा, की या जिल्ह्यात पॉइंट घडवायची तर ती मीच घडवणार.

ती मला नवेगाव बांधला एका कॉलेजच्या मैदानावर दिसली. मैदान मातीचं, एका बाजूची रिंग वाकलेली, कडेला कुणाच्या तरी बकऱ्या. तिनं चेंडू धरला आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे फेकला. गेला वाया, असं मी मनात म्हणेपर्यंत तिच्या संघातली एक ठेंगणी पोरगी त्या मोकळ्या जागी पोचली होती आणि चेंडू तिच्या हातात होता. मी बसल्या जागेवरून उठले. सामना संपल्यावर तिला गाठून विचारलं, "ती तिथं येणार हे तुला कसं कळलं गं?"

मी काहीतरी येड्यासारखं विचारलं असावं, अशी ती माझ्याकडे पाहत राहिली. "येनारच होती ना मॅडम. पुढं दोघी उभ्या, मागं लाइन. ते आनखी कुठं जाईल?"

मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले. थोडी धानाची शेती, आणि वडील तलावात मासे धरणारे. त्यांनी जास्त आढेवेढे घेतले नाहीत. "न्या मॅडम," ते म्हणाले, "पन हे पोट्टी जास्त बोलत नाही, आधीच सांगून ठेवतो."

"बोलायचं काम माझं," मी म्हणाले. ते हसले, मीही हसले. आता ते आठवलं की मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

बोलायचं काम माझं हे मी उगाच म्हणाले नव्हते. आमच्या घरातच ते होतं. माझे बाबा झाडीपट्टीतल्या नाटकांचे प्रॉम्प्टर. इकडे दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात, आणि एकेक नट एका हंगामात इतक्या नाटकांत काम करतो की त्याला पाठांतराला सवड नसते. सगळं नाटक विंगेतून चालतं. वाक्य आधी बाबा म्हणायचे, मग नट म्हणायचा. पुढे बसलेल्यांना दोन्ही ऐकू यायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बाबा विंगेत असले की कुणाचं अडत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून मी ताठ मानेनं शाळेत जायची. घरातही त्यांची तीच सवय. आई ताट वाढत असली तरी ते पाटावरून सांगत, आता वरण, आता लिंबू. आई कधी चिडली नाही. आमच्याकडे सांगणं म्हणजेच माया होती.

तर मी पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. ती चेंडू घेऊन वर यायची आणि मी रेषेवरून ओरडायची, "थांब. डावी बघ. आता दे. धाव, खाली धाव." आमची सगळ्यात उंच पोरगी डावीकडे उभी राहायची, त्यामुळे डावी हा शब्द माझ्या तोंडात बसलेला. ती ऐकायची. इतकी चांगली ऐकायची की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चेंडू सुटलेला असायचा. पहिले काही सामने आम्ही हरलो, पण मान जाईल असे हरलो नाही. मग एक जिंकलो. पोरगी घडतेय, मी सगळ्यांना सांगत सुटले. एका सामन्यानंतर सेठनी मला गिरणीवर बोलावून पेढे दिले.

बाहेर पहिल्यांदा कळलं ते प्रेक्षकांना. गोंदियाच्या पोरांना हिंदीत टोमणे मारायची हौस दांडगी. एका सामन्यात माझा घसा बसला होता. ती चेंडू घेऊन वर आली, माझ्याकडे पाहिलं, आणि थांबली. अंगावर समोरची खेळाडू चिकटलेली असताना चेंडू धरून उभं राहिलं की पाच सेकंदांत चेंडू जातो. तो गेला. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. वरून एक आवाज आला, "अरे, रिमोट मॅडम के पास है! सेल खतम!" सगळं सभागृह हसलं. मला राग आला तो त्या पोरांचा. तिचाही आला. टाइम आउट घेतला आणि सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले, "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मैदानात बघ." ती हो म्हणाली. तेसुद्धा माझ्या तोंडाकडे बघतच.

त्या हरलेल्या सामन्याचा व्हिडिओ कुणाच्या तरी भावानं आमच्या बाकाच्या मागे बसून काढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये माझ्या सहायकबाईंनी तो टीव्हीवर लावला. या बाई माझ्याच काळातल्या खेळाडू, गुडघा गेल्यावर माझ्याबरोबर आलेल्या, बोलायला कमी. मुली भात कालवत बसल्या होत्या. खेळ सुरू झाला आणि खोलीत फक्त मी ऐकू येऊ लागले. बाकी काही नाही. चेंडूचा आवाज नाही, शिटी नाही, लोकांचा गलका कुठेतरी लांब. डावी. डावी बघ. दे. दे ना. थांब म्हटलं ना. प्रत्येक पासच्या आधी मी. मी इतकं बोलते हे मला ठाऊक नव्हतं. आवाज बाबांचाच होता, फक्त त्यांच्यासारखा दबलेला नव्हता. मुली ताटात बघून जेवत होत्या. आमच्या संघातल्या बुटकीला हसू आलं, तिनं ते घासाबरोबर गिळलं.

"आवाज बंद करा हो तो," मी म्हणाले.

बाईंनी बंद केला. पडद्यावर मुली मुक्यानं पळायला लागल्या. आणि माझी पॉइंट, नवेगाव बांधची, जी आपणहून कधी तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, "राहू द्या ना मॅडम. आवाज नाही तं समजून नाही राहिलं, चेंडू कुठं जाऊन राहिला."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. समोर स्वतःचा खेळ चालू होता, आणि जी पोरगी मोकळ्या जागेत उद्या कोण येणार ते आज सांगेल असं मला वाटलं होतं, तिला पुढचा पास दिसत नव्हता. मी ताट तसंच ठेवून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. माझी मलाच शरम वाटली. लोकांनी हसण्याची नाही. ही पोरगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्याजवळ काहीतरी होतं आणि ते आता नव्हतं, याची.

त्यानंतर शहाणपण यायला हवं होतं. थोडं आलंही. पुढच्या सामन्याला मी सुपारीचं मोठं खांड तोंडात धरून बसले, की बोलताच येऊ नये. पण हात कुठे बांधले होते? हात डावीकडे जात होते. ती माझे हात बघत होती. मध्यंतरापर्यंत आम्ही पार मागे पडलो. माझ्या सहायकबाई हळूच म्हणाल्या, "बसा तुमी. हरू द्या आज. एखादा सामना हरलो तं काय होते?" पण मला हरवेना. मी सुपारी थुंकली आणि शेवटपर्यंत ओरडले. आम्ही जिंकलो. सेठ जिन्यात भेटले, हात जोडून म्हणाले, "मॅडम, आपने जिताया आज." आणि मी ते गोड मानून घेतलं. मागे ती उभी होती, पाण्याची बाटली धरून. मला तेव्हा वळून तिच्याकडे बघवलं नाही, हे मला चांगलं आठवतं.

मग सेठचा तो ठरलेला फोन आला. "मॅडम, पुणे से एक पॉइंट मिल रही है. तैयार माल. आपकी लड़की अच्छी है, पर वो खेलती कहाँ है, खेलती तो आप हो." हे सेठनाही दिसलं होतं. शेवटचा घरचा सामना ते पाहणार आणि त्यावरून ठरवणार, पोरगी ठेवायची की घरी पाठवायची. मी म्हणाले, सेठजी, दो सीजन बोला था आपने. ते म्हणाले, "हाँ, बोला तो था."

मी तिला हे सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण न सांगणं मला कुठे जमतं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग मी काय करू, सांगा." मी म्हणाले, तू बघून खेळ. ती म्हणाली, "कुठं पाहू?"

त्या सामन्याच्या दिवशी सकाळी मी नागऱ्याला जाऊन महादेवापुढे हात जोडून कबूल केलं, की आज एक शब्द बोलणार नाही. महादेवानं ऐकलं असेल तर तोही हसला असेल. पहिल्या काही मिनिटांतच ती मध्यावर अडली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावी!" एकदा निघालं ते निघालंच. समोरचा संघ चंद्रपूरकडचा, चांगला खेळत होता. गुण सोबत सोबत चालले होते, पुढेमागे होत होते, आणि मी जागेवरून सरकत सरकत पुढे. प्रशिक्षकानं आपल्या आखलेल्या जागेत राहायचं असतं. पंचांनी एकदा समज दिली. मग टेक्निकल फाउल दिला. शेवटचा डाव सुरू झाला. आमची उंच पोरगी डाव्या कोपऱ्यात एकटी मोकळी दिसली आणि पॉइंट तिकडे बघत नव्हती. मला राहवलं नाही. मी ओरडत ओरडत पुढे गेले, हात लांब करून, आणि खाली बघितलं तेव्हा माझा पाय रेषेच्या आत होता. खेळ चालू असताना मी मैदानात उभी होते.

शिटी वाजली. दुसरा टेक्निकल. दुसरा म्हणजे बाहेर, सभागृहातच थांबायचं नाही. पंच वयानं माझ्याहून लहान, त्यांनी अगदी अदबीनं हात दाखवला, "मॅडम, या." मी सगळ्यांच्या समोरून चालत निघाले. सेठसमोरून, सामना बघायला आलेल्या मुलींच्या आयाबापांसमोरून. वरून पोरं ओरडली, "रिमोट भी ले जाओ मॅडम!" तिच्याजवळून गेले तेव्हा तिनं घाबरून विचारलं, "मॅडम, आता?" बोलण्यासारखं काही सुचलं असतं तर नक्की बोलले असते.

मागच्या दारानं बाहेर आले आणि स्कूटर स्टँडपाशी भिंतीला लागून उभी राहिले. वर उंचावर झरोके, त्यातून आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. चेंडू आपटल्याचा आवाज, बुटांचा आवाज. मी चेंडूच्या आवाजावरून खेळ ओळखायला लागले आणि ओठ आपोआप हलायला लागले. "थांब. डावी. दे." भिंतीकडे तोंड करून. राखणदारानं विचारलं, "बाई, कोनाशी बोलून राहिल्या?" मी म्हणाले, कुणाशी नाही. आणि पुन्हा, "डावी."

आत एकदम मोठा गलका झाला आणि थांबला. मला वाटलं, अडली. आणि मला बरं वाटलं. हे असंच झालं, त्यात मी काही भर घालत नाही. अडू दे, असं वाटलं मला. अडू दे, म्हणजे सेठना कळेल, पंचांना विनंती करतील, कुणीतरी मला आत बोलवायला येईल. जिच्यासाठी मी तिच्या बापाच्या दारात जाऊन उभी राहिले, जिचं घरी जाणं की राहणं आत या घटकेला ठरत होतं, ती हरावी असं मला वाटत होतं. कितीतरी लाजिरवाण्या गोष्टी केल्या मी त्या हंगामात, पण त्या लोकांनी पाहिल्या. ही कुणी पाहिली नाही.

मग शेवटची लांब शिटी झाली आणि टाळ्या थांबेचनात. कोण जिंकलं ते मला कळत नव्हतं आणि आत जाऊन विचारायची सोय नव्हती. राखणदारच आत डोकावून आला. "आपलेच जिंकले बाई," तो म्हणाला. "शेवटी एका पोट्टीनं लय भारी चेंडू देल्ला म्हने."

सेठ बाहेर आले ते गाडीकडे जाता जाता थांबले. खुशीत होते. "पुणेवाली को मना कर रहा हूँ, मॅडम. लड़की रहेगी." मग दरवाजा उघडून, आत बसता बसता, अगदी सहज म्हणाले, "आप बाहर गए तब जाके समझ में आया, लड़की में दम है." गाडी गेली.

बाकीच्या मुली आत नाचत होत्या. ती एकटी मला शोधत बाहेर आली. घामानं निथळत होती, बुटाची एक नाडी सुटलेली. "मॅडम, तुमी पाह्यलं काय? शेवटचा पाह्यलं?"

"नाही गं. इथून दिसत नाही."

तिचा चेहरा जरा उतरला. मग ती तिथेच उकिडवी बसली आणि मातीत बोटानं रेघा ओढल्या. "पाहा. हे रिंग. हे मी. हे आपली उंचवाली, डावीकडं, दिसाले एकटी, मोकळी." दोन खडे ठेवले. "ह्या समोरच्या पोरी. आता तुमी सांगा, मी कोनाले देल्ला असन?"

मी वाकून बघितलं. खरंच नीट बघितलं, सगळे खडे बघितले. मला एकच दिसत होतं.

"डावीकडे," मी म्हणाले.

ती हसली. हंगामभर मी तिला हसताना ऐकलं नव्हतं, बाईमाणसाला शोभेल असं नव्हे, तोंड भरून, खदखदून. "सगळ्याईले तेच वाटलं मॅडम! त्या पोरी पुरा सामना तुमचं ऐकून ऐकून डावीकडंच पळून राहिल्या होत्या. म्हनून तं उजवीकडं कोनीच नव्हतं. मी तिकडं फेकला. आपली बुटकी आली धावत. ते येनारच होती. तुमी आतमंदी असत्या ना, तं मी..."

आणि ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पटकन खाली. तिचे कान लाल झाले. तिला माझी लाज वाटली, माझ्या वतीनं वाटली. हाताच्या पंजानं तिनं मातीतली डावीकडची रेघ पुसून टाकली, जणू ती मी बघितलीच नाही असं व्हावं म्हणून.

मी तिच्याशेजारी खाली बसले. "मग?" मी विचारलं. "चेंडू तिच्याकडे गेला. पुढं काय झालं, सांग."

ती सांगायला लागली.